पहिल्या वर्षातला एक तास : राज्यातील प्राचार्यांना खुले पत्र

मा. प्राचार्य,
राज्यातील सर्व महाविद्यालये



नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना आपल्या सहीने काही अशी नेमणूकपत्रे निघतात, ज्यांच्याकडे प्राध्यापकभरतीसारखे कोणाचे लक्ष नसते. मुलींच्या वसतिगृहाला नवी रेक्टर मिळते. समुपदेशन कक्षात एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रात एमए झालेली एखादी तरुण मुलगी येऊन बसते. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम विभागातल्या सर्वांत कनिष्ठ सहायक प्राध्यापकाच्या गळ्यात पडते, आणि विद्यार्थी विकास अधिकाऱ्याची जबाबदारी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे जाते. यांतली बरीच माणसे पंचविशीच्या आसपासची असतात आणि अनेकांची ही पहिलीच नोकरी असते. हे पत्र त्यांच्याविषयी आहे. त्यांच्या पगाराचा आणि त्यांना कायम करण्याचा प्रश्न मी इथे काढत नाही. तो मोठा आहे आणि त्याचा निकाल मंत्रालयात लागायचा आहे. मी लिहितो आहे ते पूर्णपणे आपल्या अखत्यारीतल्या एका गोष्टीबद्दल : या माणसांना पहिल्या वर्षी काम शिकवणारे, त्यांची विचारपूस करणारे आणि त्यांच्या निर्णयांची जबाबदारी वाटून घेणारे असे आपल्या संस्थेत कोणीच ठरवून नेमलेले नसते.

त्यांच्याकडून काय मागितले जाते ते आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंग रोखण्यासाठी २००९ मध्ये विनियम काढले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशात टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला होता. या विनियमांप्रमाणे प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन हवा, त्याचा मुक्काम वसतिगृहातच किंवा अगदी लागून हवा आणि तो कोणत्याही वेळी फोनवर सापडायला हवा. शिवाय शिस्त राखण्याची धमक आणि वर्गाबाहेर तरुणांशी बोलण्याचे, त्यांना धीर देण्याचे कौशल्य असे दोन्ही गुण त्याच्या अंगी हवेत. कागदावर हे एका वाक्यात बसते. प्रत्यक्षात रात्री उशिरा आलेल्या मुलीचे नाव वहीत लिहून तिच्या घरी फोन लावायचा तो रेक्टरनेच, आणि त्याच मुलीने अर्ध्या तासाने येऊन मन मोकळे करायचे तेही त्याच रेक्टरपाशी. वीस वर्षे हे काम केलेल्यालाही ही कसरत दर वेळी जमते असे नाही. आपण ती चोवीस वर्षांच्या मुलीकडून, तिच्याहून तीन-चार वर्षांनीच लहान असलेल्या मुलींच्या बाबतीत, पहिल्या आठवड्यापासून अपेक्षितो. तिच्या हातून काही सुटले तर ते आपल्याच टेबलावर येते, कारण रॅगिंगच्या तक्रारीची दखल न घेणाऱ्या संस्थाप्रमुखाने त्या गुन्ह्याला साहाय्य केले असे महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा मानतो.

आपल्याकडे हे काम काही परवा सुरू झालेले नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. हा इतिहास आपण वर्धापनदिनाच्या भाषणांत अभिमानाने सांगतो. त्यातली एक गोष्ट मात्र भाषणांत सहसा येत नाही. हेच भाऊराव विद्यार्थी म्हणून कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत असताना अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, आणि त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. ज्यांनी त्यांना काढले त्यांनी त्या काळच्या नियमावर बोट ठेवले असणार. वसतिगृहाच्या कार्यालयात घेतलेला एक निर्णय माणसाचे आयुष्य कुठल्या कुठे नेऊ शकतो, एवढेच मला यातून दाखवायचे आहे. अशा वजनाचे निर्णय आज महाविद्यालयातली सर्वांत कमी अनुभवाची माणसे घेत असतात, आणि बहुतेकदा एकट्याने घेत असतात.

आता आपण कोणाला शिकवतो आणि कोणाला नाही, ते पाहा. नवा सहायक प्राध्यापक रुजू झाला की त्याच्यासाठी जवळपास महिनाभराचा प्रवेश-प्रशिक्षणक्रम असतो. अनुदान आयोगाने त्यासाठी ‘गुरु दक्षता’ नावाची मार्गदर्शिका काढली आहे, देशभर केंद्रे आहेत आणि पदोन्नतीच्या वेळी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी निदान कागदोपत्री तरी उद्बोधन वर्गाची सोय आहे. वर्गातल्या तासासाठी एवढी तयारी करणारी आपली व्यवस्था वर्गाबाहेरच्या उरलेल्या वीस तासांसाठी नेमलेल्या माणसाला काय देते? किल्ल्यांचा जुडगा, आधीच्या रेक्टरने अर्धवट सोडलेले रजिस्टर आणि ‘काही अडचण आली तर सांगा’ हे वाक्य. या वाक्यात वाईट हेतू नसतो. पण अडचण कशाला म्हणायचे हेच नव्या माणसाला ठाऊक नसते आणि प्रत्येक अडचण घेऊन वर गेलो तर आपण नालायक ठरू अशी भीती असते, हे हा दिलासा देणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

याहून विचित्र विसंगती समाजकार्याच्या पदवीधरांच्या वाट्याला येते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे, निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था यांनाही काही दशके उलटून गेली. या परंपरेत एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी संस्थेत पाठवतात तेव्हा एक शिस्त पाळली जाते. त्याने कामाचे रेकॉर्डिंग लिहायचे, आणि ठरल्या वेळी क्षेत्रकार्याच्या सुपरवायझरने ते वाचून त्याच्याशी समोरासमोर बसून बोलायचे. विद्यार्थी या भेटीला ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. त्या बैठकीत तू किती घरांना भेटी दिल्यास हा प्रश्न येतो, आणि त्या बाईने तुला दारातून परत पाठवले तेव्हा तुला राग आला का, हाही येतो. दोन वर्षे अशा बैठकांतून तयार झालेली मुलगी पदवी घेऊन आपल्या महाविद्यालयात समुपदेशक होते. शिकत असताना तिच्या हातात एखाद-दोन प्रकरणे होती आणि दर आठवड्याला विचारणारे कोणीतरी होते. नोकरीत तिच्यावर दोन हजार विद्यार्थी आहेत आणि विचारणारे कोणी नाही. म्हणजे जबाबदारी अनेक पटींनी वाढली त्याच दिवशी आधार काढून घेतला गेला. वैद्यकीय शाखेत असे केले तर गहजब होईल. तिथे इंटर्नवर निवासी डॉक्टर असतो, त्याच्यावर युनिटचा प्रमुख असतो, आणि रात्री कोणी कोणाला उठवायचे हे ठरलेले असते.

देखरेख होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ती भरपूर होते, पण कागदांची होते. समुपदेशन कक्षाचे मासिक अहवाल मागवले जातात आणि त्यात किती विद्यार्थी आले, किती व्याख्याने झाली, जागतिक मानसिक आरोग्य दिन साजरा झाला का, याच्या नोंदी असतात. नॅकचे मूल्यमापन जवळ आले की ‘विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती’ हा पाचवा निकष या नव्या माणसांवर सोपवला जातो. मग समुपदेशक पुढचे काही महिने जिओटॅग केलेले फोटो, उपस्थितीच्या सह्या आणि गेल्या पाच वर्षांचे कार्यक्रम अहवाल गोळा करत फिरते, आणि कक्षाच्या दाराला कुलूप असते. युवा महोत्सव, ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवासाठी निवडलेल्या मुलांचा सराव, शिबिराची बस, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ या कामांना मी कमी लेखत नाही. मुले त्यांतूनही घडतात. पण दिसणारे काम मोजले जाते आणि न दिसणारे कोणी विचारतही नाही, हे नव्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत कळते. तो शहाणा असेल तर तोही दिसणारेच काम करू लागतो. नेमणूकपत्रातल्या ‘वेळोवेळी सोपवण्यात येतील ती अन्य कामे’ या ओळीने मूळ काम गिळून टाकावे, असे ते पत्र काढताना कोणालाच वाटलेले नसते. ते तसे होते, कारण मूळ काम नीट चालले आहे का, हे पाहण्याची जबाबदारीच कोणाकडे नसते.

सर्वांत कठीण गोष्ट रात्रीची. एखाद्या मुलाने स्वतःला इजा करून घेतली आहे असे रेक्टरला दीड वाजता कळते. त्याला कोणत्या रुग्णालयात न्यायचे, गाडी कोणाची, दाखल करताना सही कोणी करायची? डॉक्टर पोलिसांना कळवतील आणि प्रकरण एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंदले जाईल, हे त्या रेक्टरला आधी कोणी सांगितलेले असते का? गावाकडच्या आई-वडिलांना फोनवर नेमके काय सांगायचे? सोबतच्या मुलांना त्या रात्री कोणाजवळ सोडून जायचे? यांतल्या एकेका प्रश्नाचे उत्तर दिवसाढवळ्या, चहा पिता पिता, दहा मिनिटांत ठरवून ठेवता येते. ते ठरलेले नसेल तर दीड वाजता नवा माणूस दोनपैकी एक चूक करतो : संस्थेची बदनामी नको म्हणून वेळ घालवतो, नाहीतर घाबरून सगळ्यांना सगळे सांगून टाकतो. पुढे चौकशी समिती बसते, ‘आपणास का कळले नाही’ असा लेखी खुलासा मागितला जातो, आणि खुलासा देणाऱ्याने त्या रात्री जे पाहिले त्याचे काय झाले, हे विचारायला कोणी येत नाही. अशा घटनेनंतर वसतिगृहातल्या मुलांसाठी व्याख्यान ठेवले जाते. रेक्टरचे नाव त्या यादीत नसते. अशा दोन रात्रींनंतर तो माणूस मिळेल ती दुसरी नोकरी धरतो, आणि मग आपण म्हणतो की आजकालची मुले टिकत नाहीत.

देखरेखीचे आणखी एक काम आहे, आणि त्याकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. विद्यार्थी समुपदेशकाकडे रडत येतो तेव्हा त्याचे दुःख दर वेळी मनातलेच असते असे नाही. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला असतो, फी न भरल्यामुळे परीक्षेचा अर्ज घेतलेला नसतो, मेसचे पैसे थकलेले असतात, किंवा वर्गात आडनावावरून कोणी काही बोललेले असते. नव्या समुपदेशकाला श्वासाचे व्यायाम शिकवता येतात, लेखाविभागाला खडसावता येत नाही. तिच्याकडे दरमहा असे कितीतरी विद्यार्थी येत असतील, तर महाविद्यालयाच्या कोणत्या खिडकीवर मुले अडखळतात याचा नकाशाच तिच्या हातात असतो. तो वाचणारा, आणि वाचून मुख्य लिपिकाला बोलावून घेणारा ज्येष्ठ कोणी नसेल तर ती नुसती ऐकत राहते. ऐकून काहीच बदलत नाही हा अनुभव या कामातल्या माणसाला जितका लवकर झिजवतो, तितका कामाचा भारही झिजवत नाही.

यावर आपल्यापैकी काहींचे उत्तर मला ठाऊक आहे : ‘आम्हाला कोणी शिकवले होते? पाण्यात पडले की पोहता येते.’ गावाकडे विहिरीत मुलांना खरोखरच ढकलतात. पण ढकलण्याआधी पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधलेला असतो, आणि काका किंवा मामा आधीच पाण्यात उतरून उभा असतो. आठवण सांगणाऱ्याला ढकलणे लक्षात राहते, मामा लक्षात राहत नाही. शिवाय जे तरले तेच आज प्राचार्यांच्या खुर्चीत बसून ही आठवण सांगत आहेत. जे दुसऱ्या वर्षी सोडून गेले, किंवा राहिले पण कोरडे आणि कडक होऊन राहिले, त्यांचे म्हणणे या चर्चेत येतच नाही. आणि त्यांच्या शिकाऊपणाचा खर्च त्यांनी एकट्यांनी कुठे सोसला? पहिल्या वर्षीच्या रेक्टरची चूक पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या अंगावर निघते. ‘हे काम स्वभावाचे आहे, शिकवून येत नाही’ हेही बरेचदा ऐकू येते. स्वभाव लागतोच, कोण नाही म्हणते? पण कोणत्या मुलाला मित्राच्या चार शब्दांची गरज आहे आणि कोणाला आजच्या आज मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला हवे, हे नुसत्या मायाळू स्वभावाने ओळखता येत नाही. किंबहुना मायाळू माणूसच पहिल्या वर्षी स्वतःचा खाजगी नंबर सगळ्यांना देऊन बसतो, रात्री तीनपर्यंत व्हॉट्सअॅपला उत्तरे देतो आणि डिसेंबरपर्यंत आजारी पडतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, म्हणून त्याला मान द्यायला हवा. पदे मंजूर नाहीत, नेमणूक अकरा महिन्यांची, समुपदेशक मानधनावर आणि आठवड्यातून तीन दिवस. जो मार्चमध्ये जाणारच आहे त्याच्यावर वेळ का घालवायचा? मी मागतो आहे त्याला पद लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. ज्येष्ठ माणसाचा आठवड्याला एक तास लागतो. आणि माणूस जातो हे कारण उलटे वाचायला हवे. नवे माणूस दरवर्षी येणार असेल तर दरवर्षी कोणीतरी पहिल्या वर्षात असणार. कायम नोकरीच्या जागी जी उणीव पाच वर्षांतून एकदा भासली असती, ती कंत्राटी व्यवस्थेत दर जूनला भासते. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लेखी काही ठेवून जावे, कोणत्या मुलांकडे लक्ष हवे हे बसून सांगावे, एवढेही आज घडत नाही. जुना समुपदेशक एप्रिलमध्ये गेला आणि नवी ऑगस्टमध्ये आली, तर मधल्या काळात औषधोपचार सुरू असलेल्या मुलाला आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. अनेकजण सांगतच नाहीत.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे घेत नाही, पण माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. नव्या माणसाने ज्याच्यापाशी ‘माझे चुकले असावे’ असे म्हणायचे, तोच त्याचा गोपनीय अहवाल लिहिणार असेल आणि मुदतवाढही त्याच्याच हातात असेल, तर तो खरे बोलेल कशाला? शिवाय विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट समुपदेशकाने प्राचार्यांना का सांगावी? हा प्रश्न तात्त्विक नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि जिवाला धोका असेल तिथे अपवादही करतो. लैंगिक छळाच्या तक्रारींची गोपनीयता २०१३ च्या कायद्याने बांधून दिली आहे. म्हणूनच मार्गदर्शक आणि मूल्यमापक ही दोन माणसे वेगळी असावीत, असे माझे ठाम मत आहे. प्राचार्यांनी मूल्यमापन करावे, पण आठवड्याचा तास दुसऱ्या कोणाचा असावा : निवृत्त झालेली अनुभवी रेक्टर, शेजारच्या समाजकार्य महाविद्यालयातला क्षेत्रकार्याचा सुपरवायझर, किंवा तालुक्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून ठरवलेली एखादी जाणती व्यक्ती. चर्चेत विद्यार्थ्याचे नाव येण्याचे कारण नाही. प्रकरणाबद्दल बोलता येते, व्यक्तीची ओळख न देता. आणि अपवाद नेमका कधी लागू होतो, म्हणजे गुपित मोडून घरच्यांना कळवायची वेळ कोणती, हा निर्णय नवशिक्याने बंद खोलीत एकट्याने घेऊ नये यासाठीच तर हा तास हवा. गोपनीयतेच्या नावाखाली त्याला एकटे ठेवणे ही गोपनीयतेची सर्वांत वाईट अंमलबजावणी आहे.

बाहेर काय चालते ते थोडक्यात सांगतो, कारण परदेशाचे दाखले देऊन आपले प्रश्न सुटत नाहीत. अमेरिकेत विद्यार्थी-सेवा हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण असते. तरीही तिथले पहिल्या नोकरीतले लोक अडखळतात. क्रिस्टन रेन आणि एरिक जेसप-अँगर यांनी २००८ मध्ये अशा नवोदितांच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात व्यावसायिक ओळख घडवणे, नव्या संस्थेच्या रीतीभातींशी जुळवून घेणे, शिकत राहणे आणि जाणत्यांचा सल्ला शोधणे या चार गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. त्याआधी १९९७ मध्ये विन्स्टन आणि क्रीमर यांनी देखरेखीची जी कल्पना मांडली, तिचा गाभा असा की वरिष्ठ आणि कनिष्ठ यांनी ठरलेल्या वेळी, सातत्याने, दोन्ही बाजूंनी बोलत काम करावे आणि चूक झाल्यावर बोलावणे हीच भेटीची एकमेव वेळ असू नये. दोन वर्षांचे खास शिक्षण घेऊन आलेल्यांना जर जाणत्या माणसाची एवढी गरज लागते, तर आपल्याकडे कालपर्यंत रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक घेणाऱ्या आणि आज विद्यार्थी विकास अधिकारी झालेल्या तरुणाला ती किती लागत असेल?

हे पत्र आताच लिहिण्याचेही कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे, आणि सर्व शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचार, धोक्याची चिन्हे आणि पुढे पाठवण्याच्या पद्धती यांचे प्रशिक्षण द्यायचे आहे. राज्यात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत. हा आदेश गांभीर्याने घेतला गेला तर काही हजार तरुण एकदमच पहिल्या नोकरीत येतील, आणि त्यांना शिकवू शकतील असे अनुभवी लोक मूठभर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १३,०४४ विद्यार्थी आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांत १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. आठवड्याच्या एका तासाने हा आकडा खाली येईल असा दावा मी करत नाही. त्यामागे परीक्षा, कर्ज, जात, घर अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. पण न्यायालयाच्या आदेशामुळे ज्यांची नेमणूक होणार आहे त्यांना आपण पुन्हा किल्ल्यांचा जुडगा आणि रजिस्टर देऊनच आत सोडणार असू, तर आदेशाचे पालन झाले असे प्रतिज्ञापत्र देता येईल, याहून अधिक काही घडणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आणि स्वस्त आहेत. नेमणूकपत्रासोबतच मार्गदर्शकाचे नाव लेखी द्या, आणि तो गोपनीय अहवाल लिहिणारा नको. पहिले तीन महिने ‘अन्य कामे’ देऊ नका, नॅकचा पाचवा निकष तर अजिबात नको. रात्रीच्या प्रसंगी कोणाला, कोणत्या क्रमाने फोन करायचा याचे एक पान तयार करा, त्यात ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही असू द्या, आणि त्या पानावरचा पहिला ज्येष्ठ माणूस रात्री फोन उचलणारा असेल याची खात्री करून घ्या. फोन झाल्यावर घेतलेला निर्णय संस्थेचा मानला जाईल, रेक्टरचा एकटीचा नाही, असे लिहून द्या. नोकरी सोडणाऱ्याला आणि येणाऱ्याला चार दिवस एकत्र बसवा. विद्यार्थी विकास मंडळांनीही आपल्या निधीचा थोडा भाग महोत्सवांवरून काढून जिल्हावार मार्गदर्शकांच्या मानधनावर खर्च करावा, यासाठी आपण विद्यापीठाकडे आग्रह धरू शकता. अधिसभेत प्राचार्यांचा आवाज कमी नाही.

यांतले सगळे एकदम जमणार नसेल तर एकच करा. येत्या वर्षाचे वेळापत्रक बनेल तेव्हा या एका तासाला त्यात जागा द्या, त्याच्यासमोर दोन्ही नावे लिहा, वार आणि वेळ घाला आणि ते सूचनाफलकावर लावा. त्या तासाला कोणाचीही बैठक ठेवू नका, आपली स्वतःचीसुद्धा.



आपला नम्र,
विद्यार्थी-सेवेतील नवोदितांचा एक हितचिंतक